धारकास देय

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या सहाव्या कलमात एक लहानशी तरतूद होती, आणि गेल्या नव्वद वर्षांचा मागोवा घेताना ती मला एखाद्या सनदेच्या तोलाची वाटते: कामगाराचे सारे वेतन चलनी नाण्यांत किंवा चलनी नोटांत, अथवा दोहोंत मिळून, दिले गेले पाहिजे. ज्या काळात बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत मजुरीतून वळती करून घेण्याची चाल गिरण्यांत रूढ होती, ज्या काळात दंड आणि मुकादमाची दस्तुरी वजा जाता हाती काय उरेल याचा भरवसा पगाराच्या दिवशीही नसे, त्या काळात कायद्याने रोख रकमेचा आग्रह धरला. आणि तो रोकड सोयीची असते म्हणून नव्हे, तर ती एकदा मुठीत आली की तिच्यावर मालकाची कसलीही सत्ता उरत नाही म्हणून. पुढे १९७६ मध्ये कामगाराची लेखी संमती असल्यास धनादेशाने किंवा बँकेच्या खात्यात वेतन देण्याची मुभा मिळाली, आणि २०१७ च्या दुरुस्तीने त्या संमतीची अटही काढून टाकली. जी गोष्ट कामगाराने मागण्याचीही गरज नव्हती, ती देणे न देणे मालकाच्या मर्जीवर आले. हा बदल कसा होत गेला, त्यात आपण काय कमावले आणि काय नकळत सोडून दिले, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

रोकडीवाचून व्यवहार ही आपल्याकडे नवलाईची गोष्ट नव्हे. पेशवाईत पुण्याच्या सावकाराने लिहिलेली दर्शनी हुंडी काशीत वटत असे, आणि अंकुशी, चांदवडी अशा निरनिराळ्या रुपयांवर ठिकठिकाणी निरनिराळा बट्टा द्यावा लागत असल्यामुळे लांबच्या व्यवहारात नाण्यांच्या थैल्या वाहण्यापेक्षा हुंडीच परवडे. परंतु हुंडी ज्याची पेठेत पत त्याची. शेतकऱ्याचा, बलुतेदाराचा व्यवहार तांब्याच्या शिवराईशी, धान्याशी आणि वाण्याच्या वहीशी. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकसारखा रुपया पाडला आणि बट्ट्याची ती व्यवस्था हळूहळू मावळली, तेव्हा सामान्य माणसाच्या हाती प्रथमच असे चलन आले, की ज्याचे मोल ठरवण्यासाठी सराफाची पारख लागत नव्हती.

या चलनाला पाय फुटले ते टपाल खात्यामुळे. १८८० साली मनिऑर्डरची सोय सुरू झाली आणि रत्नागिरी जिल्ह्याचा अर्धा संसार तिच्यावर चालू लागला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. लालबाग-परळच्या खोलीत दहा-पंधरा जणांत राहणारा, खाणावळीच्या बाईचा हिशेब महिन्याकाठी चुकता करणारा चाकरमानी पगार झाला की टपालकचेरीत जाऊन फॉर्म भरी, आणि फॉर्मच्या खालच्या भागात मजकुरासाठी ठेवलेल्या बोटभर जागेत ‘पाऊस कसा आहे’, ‘म्हशीचे पाहा’, ‘गणपतीला येतो’ एवढे लिही. आठ-दहा दिवसांनी पोस्टमन ओटीवर टेकायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, पिशवीतून नोटा काढून त्या आधी स्वतः मोजायचा आणि मग म्हातारीच्या ओंजळीत एकेक करून पुन्हा मोजून द्यायचा. तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावून तो फॉर्मवर उमटवायचा, शेजाऱ्याची साक्ष घ्यायचा, आणि शेवटी तो बोटभर मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा, तो सगळी आळी ऐकायची. अंगठ्याच्या ठशाची ती पोच परत मुंबईला जायची, आणि पैसे पोहोचले यापेक्षा आई धडधाकट आहे, हे त्या ठशावरून मुलाला कळायचे. अलीकडच्या काळात या सेवेला शंभर रुपयांस पाच रुपये हशील पडे, आणि गरिबाच्या दृष्टीने ते थोडे नव्हते. ही जुनी मनिऑर्डर टपाल खात्याने २०१५ साली बंद केली. तिच्याविषयी मला ओढ आहे, हे मी लपवीत नाही. परंतु आज बांधकामावरचा गवंडी दुपारच्या सुट्टीत गावी पैसे पाठवतो आणि त्याच क्षणी, एक पैही हशील न देता, ते घरी पोहोचतात, ही गोष्ट त्या ओढीपेक्षा मोठी आहे, हेही तितक्याच मोकळेपणाने मानले पाहिजे.

मध्यंतरीच्या टप्प्यांवर रेंगाळण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तालुक्याच्या गावी शाखा दिसू लागल्या. १९८० मध्ये सेंट्रल बँकेने आपले क्रेडिट कार्ड काढले. १९८७ मध्ये मुंबईत देशातले पहिले एटीएम बसले. कार्ड ही पुष्कळ वर्षे वरच्या वर्गाची चीज राहिली, आणि एटीएमने तर रोकडीचे राज्य उलट बळकटच केले, कारण बँकेच्या वेळेचे बंधन सुटल्यावर माणसे अधिक निर्धास्तपणे नोटा काढू व खर्चू लागली.

रोकडीची खरी डोकेदुखी नोटांची नव्हती, सुट्या पैशांची होती. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, आणि मग महागाईने एकेक नाणे गिळले. पंचवीस पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेर कायद्यानेच बाद झाले. एसटीच्या कंडक्टरने तिकिटाच्या पाठीवर उरलेली रक्कम लिहून द्यावी आणि उतरताना ती मागायचे प्रवाशाने गर्दीत विसरावे, किराणा दुकानदाराने रुपया-दोन रुपयांच्या बदल्यात मुकाट्याने गोळ्या हातावर ठेवाव्यात, हे सारे आपण इतकी वर्षे सोसले, की त्यात कोणाचे तरी नुकसान होते आहे याची जाणीवही बोथट झाली होती.

आणि या रोकडीचे आणखी एक घर होते, ज्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. घरखर्चातून वाचवलेल्या नोटा बायका डाळीच्या डब्यात, देवघरातल्या वस्त्राखाली, ट्रंकेतल्या जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवीत. मुलीच्या फीसाठी, माहेरच्या आजारपणासाठी, दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या हाती सगळाच पगार लागू नये म्हणून हा पैसा साठे, आणि तो अमुक एका बाईचा आहे हे फक्त तिलाच माहीत असे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा पैसा निरुत्पादक. मला मात्र त्याच्याइतका काटेकोरपणे आणि विचारपूर्वक सांभाळलेला पैसा दुसरा माहीत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याबरोबर हा पैसाही उजेडात आला. यापूर्वी १९४६ आणि १९७८ मध्येही नोटा रद्द झाल्या होत्या, पण त्या सामान्य माणसाने कधी पाहिलेल्याही नव्हत्या. या वेळी बाद झाली ती मजुराच्या खिशातली नोट. नव्या दोन हजारांच्या नोटेचा आकार वेगळा असल्यामुळे एटीएम यंत्रे नव्याने जुळवावी लागली, खात्यातून आठवड्याला चोवीस हजारांहून अधिक काढता येईना, आणि ज्या नोटांचा नवऱ्याला पत्ता नव्हता त्या त्याच्यापुढे मांडून त्याच्याच खात्यात भरण्याची पाळी अनेकींवर आली. महाराष्ट्रात घाव अधिक खोल बसला, कारण १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास आणि बदलून देण्यास मनाई झाली, आणि शेतकऱ्याची बँक म्हणजे बहुतेक ठिकाणी हीच. खरिपाचा माल बाजार समितीत आलेला, रब्बीचे बियाणे-खत घ्यायचे, आणि व्यापारी हाती धनादेश ठेवतो, तर तो वटवायला रोकडच नाही. पुढे रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केले, की रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. काळा पैसा नष्ट करण्यासाठी जे केले असे सांगितले गेले, त्याचा हा हिशेब पाहता, रांगेत उभ्या राहिलेल्यांनी जी किंमत मोजली तिचे समर्थन मला आजवर सापडलेले नाही.

२०१६ च्याच डिसेंबरात ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली, समारंभ झाला, आणि वर्षभरात तिथला बाजार पुष्कळसा रोकडीवर परतल्याच्या बातम्या आल्या. वरून लादलेल्या सोयीला माणसे कशी वागवतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. कारण जे धसईत कार्डाने साधले नाही, ते पुढे चार-पाच वर्षांत मोबाइलने गल्लोगल्ली साधले, तेही कोणत्याही समारंभावाचून. एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयचा प्रारंभ झाला होता. कोणत्याही बँकेच्या खात्यातून कोणत्याही बँकेच्या खात्यात, यंत्राच्या भाड्यावाचून, केवळ छापील चौकोनाच्या आधारे पैसे जाऊ लागले, आणि जानेवारी २०२० पासून दुकानदाराला पडणारी वटणावळही शून्य झाली. पाठोपाठ करोनाची साथ आली, नोटेला हात लावण्याचीही धास्ती वाटू लागली, आणि उरलासुरला संकोच गेला.

भाजीबाजारात तासभर उभे राहिले, की या बदलाचे खरे स्वरूप दिसते. मेथीच्या जुड्या निवडण्यात हात गुंतलेली बाई मान वर करीत नाही. टोपलीशेजारच्या ठोकळ्यातून ‘वीस रुपये प्राप्त झाले’ असा आवाज येतो, आणि ती जुडी पुढे करते. वाचता न येणाऱ्या बाईला आपली रक्कम ऐकून पडताळता येते, गल्ल्यात सुटे ठेवावे लागत नाहीत, फाटकी नोट कोणी गळ्यात मारत नाही, संध्याकाळी घरी जाताना कनवटीला मोठी रक्कम नसल्याने वाटेची भीती कमी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले यूपीआय व्यवहार एक हजार कोटींच्या पुढे गेले. त्या आकड्यातला फार मोठा भाग अशा वीस-वीस रुपयांचा आहे, आणि म्हणूनच तो मला आदरणीय वाटतो.

तथापि, पूर्वी त्या जुडीच्या व्यवहारात दोन माणसे होती. आता त्यांच्या मध्ये बँका आहेत, मोबाइल कंपनी आहे, ॲप चालवणारी कंपनी आहे, वीज आहे. यांपैकी एकाने अंग काढले की मेथीही मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळले, आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. छपरावर घालायला पत्रा हवा, तर व्यवहार हातातल्या नोटेवर किंवा तोंडओळखीच्या उधारीवरच होता. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी तर ना वादळ होते ना पूर, तरी यूपीआय देशभर काही तास कोलमडले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी खातेदाराला स्वतःच्या पैशांतून फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती, आणि मुंबईतल्या कित्येक वृद्धांना प्रथमच उमगले, की खात्यावरची शिल्लक म्हणजे पैसा नव्हे, दुसऱ्याने दिलेला शब्द आहे.

नोटही वचनच आहे, हे खरे. पण ते धारकाला दिलेले आहे, मग तो कोणीही असो. नोट त्याचे नाव, गाव, जात, खाते विचारत नाही, आणि त्याने ती कुठे मोडली याचे दप्तर ठेवत नाही. मोबाइलच्या व्यवहारात मात्र प्रत्येक चहाची, औषधाची, दक्षिणेची, वर्गणीची नोंद कायमची राहते, आणि ती कोणी, किती काळ, कशासाठी पाहावी यावर देणाऱ्याचा काहीच ताबा नसतो. डाळीच्या डब्यातल्या पैशाला हीच गोष्ट सर्वाधिक जाचक आहे. २०२४ पासून राज्य शासनाचे दरमहा दीड हजार रुपये लक्षावधी बायकांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले, हे पाऊल मी मोलाचे मानतो. परंतु ज्या घरात बँकेला दिलेला मोबाइल क्रमांक नवऱ्याचा असतो, तिथे रक्कम जमा झाल्याचा आणि ती खर्चल्याचा संदेश आधी त्याच्या खिशात वाजतो. हप्ता जमा होताच बँकेसमोर लागणाऱ्या रांगांतल्या बायका ती रक्कम नोटांच्या रूपात काढून नेतात, त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हे घर कधी पाहिलेले नसते.

लोकांनी आपला निवाडा कृतीने दिलेला आहे. नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी देशात सुमारे पावणेअठरा लाख कोटी रुपयांचे चलन होते. मार्च २०२४ अखेर ते चौतीस लाख कोटींच्या वर गेले. खर्चायला मोबाइल आणि राखायला नोट, अशी वाटणी माणसांनी आपापल्या अनुभवाने केली, आणि ती मला सर्वस्वी समंजस वाटते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईसह चार शहरांत रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी डिजिटल रुपया प्रायोगिक स्वरूपात आणला. तो नेटवर्कवाचून चालावा, हा तंत्रज्ञांचा प्रश्न. लहान रकमांपुरती त्याची नोंद कोणाच्याही दप्तरी राहू नये, हे मात्र संसदेने कायद्याने बांधून द्यावे, आणि वेतनाच्या बाबतीत कामगाराने मागितल्यास ते रोख देण्याचे बंधन पुन्हा घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर एका साध्या हुकमाची नीट अंमलबजावणी झाली तरी पुष्कळ होईल. पाचशेचीच नोट बाहेर टाकणाऱ्या एटीएमपुढे रोजंदारीवरच्या माणसाची फार कुचंबणा होते, कारण ती नोट मोडून द्यायला चहावाला तयार नसतो आणि रिक्षावालाही. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की सप्टेंबरअखेर ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेर ९० टक्के एटीएममधून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा निदान एका कप्प्यातून तरी मिळाल्याच पाहिजेत. आपल्या गावातले यंत्र त्या ९० टक्क्यांत आहे की उरलेल्या दहांत, याची चौकशी प्रत्येक ग्राहक पंचायतीने आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन, लेखी अर्ज देऊन करावी.