गाडीची दुसरी चावी स्वस्तात कशी होते?

चावीवाल्याने घासून दिलेल्या साध्या चावीने गाडीचे दार उघडेल, पण बहुतेक अलीकडच्या गाड्यांचे इंजिन तिने चालू होणार नाही. मूळ चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात बारीक ट्रान्सपाँडर चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. त्याच्या साधारण १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून ती वीज घेते. जुन्या चिपा फक्त ठरलेला क्रमांक सांगत, म्हणून त्यांची नक्कल सहज होते. पुढच्या पिढीत गाडी दर वेळी नवा आकडा विचारते आणि चिप गुप्त संख्या वापरून उत्तर देते. उत्तर जुळले नाही, तर इमोबिलायझर इंजिन चालू देत नाही.

तेव्हा पाते घासणे हा किरकोळ खर्च. खरे पैसे लागतात ते नवी चिप गाडीच्या स्मृतीत नोंदवायला. एक चावी चालू असताना हे काम सोपे असते. फोर्डच्या काही जुन्या मॉडेलांत तर दोन चालू चाव्या ठरावीक क्रमाने फिरवून तिसरी घरीच जोडता येते. सगळ्या हरवल्या, की गाडी ओढून न्या, कधी इमोबिलायझरच बदला, असा खर्च वाढत जातो.

त्यामुळे दुसरी चावी आजच करा, रिमोट नसलेली, नुसत्या चिपची. (रिमोट ही वेगळी यंत्रणा आहे, दार हाताने उघडता येते.) जोडणी आपल्यासमोर करून घ्या, इंजिन चालू झाल्यावरच पैसे द्या. आणि एखादी चावी हरवली असेल, तर तिची नोंद त्याच वेळी पुसायला सांगा, नाहीतर सापडणाऱ्याच्या हातीही गाडी चालू होईल.