महाजालावरील किल्लारी : संस्कृती आणि प्रतिमा

इंटरनेटमुळे परसंस्कृतीचा परिचय सुलभ झाला असला, तरी तो यथार्थ असतोच असे नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी हे याचे बोलके उदाहरण होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे येथे विनाशकारी भूकंप झाला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. म्हणजेच हे गाव महाजालावर पोहोचले ते भूकंपाची ओळख घेऊनच.

ज्या मजकुराकडे अधिक दुवे जातात, त्याला शोधयंत्रे सामान्यतः अग्रक्रम देतात. किल्लारीविषयीचा असा मजकूर मुख्यत्वे भूकंपशास्त्र व पुनर्वसनाचा आहे. त्यात दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे केवळ जीवितहानीचे कारण म्हणून येतात. ते सत्यच आहे. परंतु हीच घरे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गारवा देत, ही बाब अनुल्लेखित राहते. नीळकंठेश्वराचे मंदिर आणि तेरणाकाठचे कृषिजीवनही मागे पडते.

यात दोष केवळ यंत्राचा नाही. जे लिहिलेच गेले नाही, ते यंत्र कोठून दाखविणार? मराठी विकिपीडिया २००३ पासून उपलब्ध आहे. भूकंपापूर्वीचे गाव पाहिलेली पिढी आता वृद्ध होत आहे. तिच्या आठवणींची नोंद आपण वेळीच केली नाही, तर उद्या आपली मुलेही आपल्या गावाकडे परक्याच्याच दृष्टीने पाहतील.