मॅच तुमची, भांडण त्यांचं!

३० ऑक्टोबर २०२५ ची मध्यरात्र. अमेरिकेत 'यूट्यूब टीव्ही' घेणाऱ्या सुमारे एक कोटी ग्राहकांच्या स्क्रीनवरून एबीसी, ईएसपीएन आणि डिस्नेची बाकीची चॅनेल्स एकदम गायब झाली. वादळ नव्हतं, नेट बंद नव्हतं, कुणी बिलही थकवलं नव्हतं. गूगल आणि डिस्ने या दोन बड्या कंपन्यांचा जुना करार संपला होता आणि नव्या दरावर एकमत होत नव्हतं, एवढंच.

पुढचे दोन आठवडे हे असंच चाललं. कॉलेज फुटबॉलचे दोन शनिवार गेले, 'मंडे नाइट फुटबॉल'चे दोन सोमवार गेले. मधेच ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या महापौरपदासह अनेक ठिकाणच्या निवडणुकांचे निकाल होते, त्या रात्रीही यूट्यूब टीव्हीवर एबीसी नव्हतं. निदान त्या दिवसापुरतं तरी एबीसी दाखवूया, असं डिस्नेने म्हटलं. यूट्यूबने उलट अट घातली. दोघांनीही 'आम्ही प्रेक्षकांच्याच बाजूने आहोत' असं सांगितलं. अखेर १४ नोव्हेंबरला तडजोड झाली. ग्राहकांच्या हाती काय? वीस डॉलरची सूट. या सेवेचं महिन्याचं बिल आहे जवळपास ८३ डॉलर!

'आम्ही टीव्ही बघतच नाही, आम्हाला काय त्याचं?' असं म्हणून पान उलटू नका. कारण यूट्यूब टीव्ही हा काही छपरावरचा डबा नाही, ते एक अ‍ॅप आहे. भांडण मात्र टीव्हीच्या जमान्यातलंच, फक्त आता ते फोनवर आलंय.

फुकटच्या गोष्टीचं बिल

या भांडणातली सगळ्यात गमतीची गोष्ट आधी सांगते. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही अमेरिकेतली मोठी नेटवर्क्स हवेतून फुकट दिसतात. घरावर किंवा खिडकीत एक साधा अँटेना लावला, की झालं. प्रत्येक शहराचं किंवा भागाचं आपलं स्थानिक स्टेशन असतं. संध्याकाळी ते आपल्या गावच्या बातम्या, हवामान, रस्त्यांची परिस्थिती दाखवतं आणि रात्री नेटवर्कच्या मालिका, सामने. म्हणजे आपल्याकडे एखाद्या राष्ट्रीय चॅनेलने प्रत्येक जिल्ह्यात आपली स्वतंत्र शाखा चालवावी, तसं काहीसं. यातली काही स्टेशन्स नेटवर्कच्या मालकीची, तर बरीचशी नेक्सस्टार, सिंक्लेअर, ग्रे यांसारख्या कंपन्यांची.

मग जे हवेतून फुकट येतं, तेच केबलमधून आलं की त्याचे पैसे कशाला? सगळं भांडण या एका प्रश्नाभोवती आहे.

केबल कंपन्या म्हणतात, 'स्टेशनला सरकारने जनतेच्या मालकीची हवाई लहर दिली, ती लोकांना फुकट कार्यक्रम दाखवण्यासाठी. आम्ही तर त्यांचा सिग्नल आणखी लांब पोचवतो, त्यांच्या जाहिराती जास्त लोकांना दाखवतो. वर आम्हीच पैसे द्यायचे?' स्टेशनवाले म्हणतात, 'अहो, लोक तुमचं कनेक्शन घेतात ते आमच्या बातम्या आणि सामने बघायला. आमचा माल विकून तुम्ही बिल वसूल करता आणि आम्हाला दमडी नाही? रिपोर्टर, कॅमेरे, गाड्या यांचा खर्च कुणी करायचा?'

खरं सांगायचं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हे भांडण इतकी वर्षं मिटलेलं नाही.

डोंगराआडचा अँटेना

सुरुवात मात्र अगदी गोडीगुलाबीची होती. १९४८ च्या सुमाराला पेनसिल्व्हेनिया, ओरेगॉन, आर्कान्सास इथल्या काही गावांमध्ये टीव्ही दिसायचाच नाही. मधे डोंगर, किंवा स्टेशन फार लांब. मग कुणीतरी उंचावर एक मोठा अँटेना उभारला आणि तिथून वायर टाकून घराघरात सिग्नल दिला. दरमहा थोडे पैसे घेतले. केबल टीव्हीचा जन्म असा झाला. दुकानदारांचे टीव्ही संच विकले जाऊ लागले, स्टेशनला आयते प्रेक्षक मिळाले. सगळेच खूश.

पुढे केबल कंपन्या मोठ्या झाल्या, तसं स्टेशन्सच्या पोटात दुखायला लागलं. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नवा केबल कायदा केला. तेव्हाचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, पण काँग्रेसने तो उलटवून कायदा केलाच. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत उलटवला गेलेला हा एकमेव नकाराधिकार! यावरून या विषयात किती जीव गुंतलेले होते, ते कळतं.

या कायद्याने स्टेशनला दर तीन वर्षांनी दोनपैकी एक पर्याय निवडायला सांगितलं. पहिला 'मस्ट कॅरी'. म्हणजे केबलवाल्याने आम्हाला दाखवायलाच हवं, पण आम्ही पैसे मागणार नाही. दुसरा 'रिट्रान्समिशन कन्सेंट'. म्हणजे आमच्या परवानगीशिवाय दाखवायचं नाही, आणि परवानगीची किंमत आम्ही ठरवू. छोटी, फारशी न चालणारी स्टेशन्स पहिला पर्याय घेतात. ज्यांच्याकडे सुपर बोल आणि ऑस्कर आहे, ती दुसरा.

पहिल्या फेरीत केबल कंपन्यांनी रोख पैसे द्यायला साफ नकार दिला. मग 'पैसे नाही तर निदान आमचं नवीन चॅनेल तरी घ्या' असे सौदे झाले. ईएसपीएन २ आणि एफएक्स ही चॅनेल्स या सौद्यांतून घराघरात पोचली. रोख रकमेचा जमाना नंतर आला, पण आला तो धडाक्यात. २००६ च्या सुमाराला हा सगळा व्यवहार वर्षाला वीसेक कोटी डॉलरचा होता. पुढच्या पंधरा वर्षांत तो दहा अब्ज डॉलरच्या वर गेला. यात आणखी एक उलटापालट झाली. पूर्वी नेटवर्क आपले कार्यक्रम दाखवण्यासाठी स्थानिक स्टेशनला पैसे द्यायचं. आता स्टेशनला केबलकडून जे मिळतं, त्यातला मोठा वाटा नेटवर्कच घेतं. गावच्या बातम्यांच्या नावाने मागितलेला सगळा पैसा गावच्या बातम्यांपर्यंत पोचतोच असं नाही, तो यामुळे.

कॅलेंडर बघून कुस्ती

करार कधी संपवायचा, यातही डावपेच असतात. पुरावा तारखांमध्येच आहे.

मे २००० : टाइम वॉर्नर केबलने एबीसी बंद केलं. न्यूयॉर्क, लॉस एंजलिस, ह्यूस्टन धरून सुमारे ३५ लाख घरं. 'डिस्नेने एबीसी तुमच्यापासून हिरावून घेतलंय' अशी पाटी स्क्रीनवर झळकली. पण तो काळ प्रेक्षकसंख्या मोजण्याचा होता आणि त्या काळात स्टेशन बंद करायला नियमाने मनाई होती. एफसीसी या नियामक संस्थेने टाइम वॉर्नरलाच दोषी धरलं.

७ मार्च २०१० : ऑस्करचा रविवार. मध्यरात्र उलटताच न्यूयॉर्क भागातल्या केबलव्हिजनच्या सुमारे तीस लाख घरांतून एबीसी गेलं. दिवसभर ताणाताणी झाली. सोहळा सुरू होऊन काही मिनिटं झाल्यावर चित्र परत आलं.

ऑक्टोबर २०१० : तीच केबलव्हिजन, आता समोर फॉक्स. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचे पहिले दोन सामने लोकांचे बुडाले.

ऑगस्ट २०१३ : सीबीएस विरुद्ध टाइम वॉर्नर केबल, पूर्ण महिनाभर. सीबीएसने तर टाइम वॉर्नरचं इंटरनेट वापरणाऱ्यांना आपल्या वेबसाइटवरचे एपिसोडही बंद केले. सप्टेंबरमध्ये फुटबॉलचा मोसम तोंडावर आला आणि २ तारखेला समेट झाला. त्या तिमाहीत टाइम वॉर्नरचे टीव्हीचे ३ लाख ६ हजार ग्राहक कमी झाले.

पॅटर्न दिसला? ज्या रात्री तुम्हाला टीव्ही सगळ्यात जास्त हवा असतो, त्याच रात्री तो बंद होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कारण चिडलेला प्रेक्षक हेच तर या भांडणातलं हत्यार आहे. प्रेक्षक केबलवाल्याला फोन करून ओरडला तर स्टेशनचा फायदा, स्टेशनला शिव्या घातल्या तर केबलवाल्याचा. आणि समेट झाला की वाढलेला दर बिलात. कॉमकास्ट या कंपनीने तर २०१४ पासून बिलात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' अशी वेगळी ओळच टाकली. सुरुवात दीड डॉलरने झाली होती.

भोपाळच्या इंजिनिअरचा जुगाड

या चक्रातून सुटायला एक भन्नाट आयडिया निघाली, आणि ती काढणारा आपल्याकडचा होता. भोपाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून अमेरिकेत गेलेल्या चैतन्य ऊर्फ चेट कनोजिया यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'एरिओ' सुरू केली. हजारो इवलेसे अँटेना, प्रत्येक नखाएवढा. महिन्याला आठेक डॉलर द्या, त्यातला एक अँटेना तुमच्यासाठी. त्याने पकडलेलं चित्र इंटरनेटवरून तुमच्या फोनवर. युक्तिवाद साधा होता : घरी स्वतःचा अँटेना लावणं कायदेशीर आहे ना? मग तोच अँटेना भाड्याने घेऊन दुसऱ्या जागी ठेवला, तर बिघडलं काय?

नेटवर्क्स कोर्टात गेली. २५ जून २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी एरिओच्या विरोधात निकाल दिला. तुमचं काम केबल कंपनीसारखंच आहे, असं कोर्टाचं म्हणणं. नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आयडिया हुशार होती, पण ती अब्जावधींच्या व्यवहाराच्या मुळावर येत होती.

आणि आपल्याकडे?

हे सगळं अमेरिकेतलं, असं वाटत असेल तर फेब्रुवारी २०२३ आठवा. 'ट्राय'च्या नव्या दरनियमांनंतर डिस्ने स्टार, झी आणि सोनीने चॅनेल्सचे नवे दर लावले. बऱ्याच केबल कंपन्यांनी नव्या करारांवर सह्या करायला नकार दिला. १८ फेब्रुवारीला त्यांचे सिग्नल बंद झाले. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार देशभरातल्या साडेचार कोटी घरांना फटका बसला. मराठी घरांत रोज संध्याकाळी लागणाऱ्या बऱ्याच वाहिन्याही याच तीन समूहांच्या. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू होती. १९ तारखेला रवींद्र जडेजाने ४२ धावांत ७ बळी घेतले, तेव्हा या घरांत केबलवर सामना नव्हता. पाचेक दिवसांनी समेट होऊन चॅनेल्स परत आली.

एका बाबतीत मात्र आपण बरे आहोत. आपल्याकडे प्रत्येक पे चॅनेलची किंमत जाहीर करावी लागते. चॅनेल पॅकमध्ये द्यायचं तर ती १९ रुपयांच्या वर नेता येत नाही. अमेरिकेत स्टेशन आणि केबल यांच्यातला दर गोपनीय. ग्राहक पैसे देतो, पण नेमके कशाचे किती, ते त्याला कळत नाही. तिथला कायदा दोन्ही बाजूंना 'सद्हेतूने वाटाघाटी करा' एवढंच सांगतो, करार कराच असं सांगत नाही. चित्र बंद राहिलं तर त्या दिवसांचे पैसे ग्राहकाला परत मिळावेत, असा प्रस्ताव एफसीसीने जानेवारी २०२४ मध्ये मांडला. कायदा होऊन तेव्हा एकतीस वर्षं उलटली होती.

या भांडणात मॅच हुकणं हा त्यातल्या त्यात छोटा तोटा. ज्या आजीबाईंना अँटेना जमत नाही, ज्यांचं घर अजूनही डोंगराआड आहे, त्यांच्यासाठी गावच्या बातम्या आणि वादळाचा इशारा त्याच स्टेशनवरून येतो. त्यांना 'दुसरं अ‍ॅप घ्या' असं सांगून चालत नाही.

आपली पिढी केबल कापून मोकळी झाली, असं आपण समजतो. पण यूट्यूब टीव्हीच्या ग्राहकांनीही केबल कापलीच होती, आणि सामन्याच्या रात्री त्यांच्यासमोरही तीच पाटी आली. सामना कुणाच्या अ‍ॅपवर, किती दिवस, कुठल्या पॅकमध्ये हे आपल्याकडेही कंपन्यांच्या करारांवरच ठरतं. त्यामुळे पुढच्या वेळी एखादं चॅनेल अचानक गायब झालं आणि स्क्रीनवर 'यांना फोन करून जाब विचारा' असा मेसेज आला, तर फोन जरूर करा. फक्त एकाला नको, दोघांनाही करा. आणि पहिला प्रश्न हा विचारा, की बंद राहिलेल्या दिवसांचे माझे पैसे कधी परत देताय?