शिवराय आणि कास्तकाराचे मुद्दल



शिवजयंती आली की गावोगावी पोवाडे होतात. अफझलखान, आग्रा, सिंहगड हे प्रसंग लहान पोरांनाही तोंडपाठ असतात. आपल्या वऱ्हाडावर त्या काळी मोगलांचा अंमल होता आणि १६७० साली मराठ्यांची फौज आपल्या शेजारच्या कारंज्यावर चालून आली होती. परंतु १६३० ते १६८० एवढ्या अवघ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात या लढवय्या राजाने कास्तकाराची काळजी कशी वाहिली, हे आम्हा ऊस पिकवणाऱ्यांनी मुद्दाम समजून घेतले पाहिजे. त्याची साक्ष महाराजांची दोन पत्रे देतात.

पहिले पत्र मे महिन्यातील, चिपळूणकडच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना. पावसाळा तोंडावर होता. दाणावैरण आताच उधळली तर ऐन पावसात घोडी मरतील. मग शिपाई कुणब्याच्या घरातून दाणे, भाकरी, लाकूडफाटा ओढून आणतील. लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या, अशी त्यात ताकीद आहे. दिवा रात्री जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवत पेटेल, इथवर राजाचे ध्यान! जळीत उसाचा फड पाहिलेल्याला याची किंमत सांगायला नको.

दुसरे पत्र ५ सप्टेंबर १६७६ चे, प्रभानवल्लीचे सुभेदार रामाजी अनंत यांना. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्या घरी माणसे आहेत पण बैल नाहीत, त्याला दोन-चार बैलांचे पैसे द्या, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्या. वसुलीत वाढीदिढी नको. मुद्दल तेवढेच, तेही त्याला झेपेल तसे, हळूहळू घ्या. रयतेच्या भाजीच्या देठावरही मन जाऊ देऊ नका.

बंधूंनो, यात दोन्ही बाजूंना धडा आहे. काटा चोख असावा, तोड नोंदीप्रमाणे यावी, बिल वेळेवर मिळावे, हा आपला हक्कच आहे आणि तो सभेत उभे राहून मागितला पाहिजे. पण राजाने व्याज सोडले, बैलांचे मुद्दल सोडले नाही. ते परत आले तरच पुढच्या कुणब्याच्या दावणीला बैल उभा राहणार. बेणे-खताची उचल घ्यायची आणि ऊस मात्र गुपचूप गुऱ्हाळाला घालायचा, हे शिवरायांचा जयजयकार करणाऱ्याला शोभत नाही.