जुन्या पद्मिनीच्या विजेचा ताळेबंद

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघणारी फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. तथापि वडिलांनी घेतलेली ही गाडी काही घरांत आजही मायेने जपली जाते.

अशी गाडी दगा देते ती बहुधा विजेच्या बाबतीत. सकाळी सेल्फ फिरत नाही, दिवे मंदावतात. मग अंदाजानेच बॅटरी, सेल्फ, डायनॅमो असे भाग एकामागून एक बदलले जातात. पैसा खर्च होतो, दोष तसाच राहतो आणि अखेरीस गाडी काढून टाकण्याची भाषा सुरू होते.

वस्तुतः जुन्या गाडीत दोष भागांपेक्षा जोडांत अधिक आढळतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह गाडीच्या पत्र्यातून ऋण टोकाकडे परत येतो. जेवढे नावे तेवढे जमा, असाच हा व्यवहार आहे. परतीच्या वाटेवर गंज चढला की हिशेब जुळत नाही. इंडिकेटरबरोबर शेजारचा दिवाही लुकलुकू लागला, तर तेथील अर्थिंग तपासावे.

तपासणी क्रमाने करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या सुस्थितीतील बॅटरीवर मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवितो. नंतर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत करावीत, पुन्हा घट्ट आवळावीत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. काम करताना बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी व शेवटी जोडावी.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर गळती शोधावी. अर्धा अँपिअर गळती म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. ३६ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी! ऋण तार सोडवून मीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडावा आणि एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, त्याच खात्यात तफावत असते. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज वा तांब्याची तार कधीही घालू नये. फ्यूज उडणे हा इशारा असतो; तो दडपला तर वायरिंग तापून गाडी पेट घेऊ शकते.

तफावत सापडेपर्यंत ताळेबंदावर सही न करण्याची सवय व्यापारी घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. तीच सवय बॉनेट उघडताना राखली, तर वडिलांची गाडी भंगारात जाण्याची वेळ सहसा येत नाही.