मेंदूचा आकार आणि मेंदूची जोडणी

स्पर्म व्हेल या देवमाशाचा मेंदू सुमारे ८ किलो वजनाचा, हत्तीचा जवळपास ५ किलोचा, तर माणसाचा सुमारे १.४ किलोचा असतो. केवळ वजनावर बुद्धी ठरत असती, तर आपला क्रमांक बराच खाली लागला असता. म्हणूनच उत्क्रांतीचे अभ्यासक आता मेंदूच्या अंतर्गत जोडणीकडे वळले आहेत.

मेंदूचे निरनिराळे भाग चेतापेशींच्या लांब तंतूंनी जोडलेले असतात. पाण्याचे रेणू या तंतूंच्या दिशेने सहज सरकतात. आडवे जाताना मात्र अडखळतात. डिफ्यूजन एमआरआय हीच हालचाल टिपते आणि त्यावरून तंतूंचे मार्ग रेखाटता येतात. मृत प्राण्याचा मेंदूही असा तपासता येत असल्याने अनेक प्रजातींची तुलना शक्य झाली आहे.

तेल अवीव विद्यापीठातील यानिव्ह असाफ, योसी योवेल आणि सहकाऱ्यांनी वटवाघळापासून डॉल्फिनपर्यंत शंभराहून अधिक सस्तन प्रजातींचे मेंदू या पद्धतीने तपासले. २०२० मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता: मेंदू लहान असो वा मोठा, त्यातील एकूण जोडणीची कार्यक्षमता जवळपास सारखीच असते आणि माणूसही त्याला अपवाद नाही. फरक दिसतो तो वाटपात. ज्या प्राण्यांत डाव्या-उजव्या अर्धगोलांमधील दुवे कमी, त्यांच्यात प्रत्येक अर्धगोलाच्या आतील दुवे अधिक सक्षम असतात. एकीकडची उणीव दुसरीकडे भरून निघते.

मग माणसाचे वेगळेपण कोठे? त्याचे एक उत्तर जेम्स रिलिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये माणूस, चिंपांझी आणि मकाक माकड यांच्या तुलनेतून दिले होते. कपाळामागील भागाला कानाजवळच्या भागाशी जोडणारा, भाषेसाठी महत्त्वाचा असा कमानदार तंतुपट्टा माणसात कितीतरी विस्तारलेला आढळला. म्हणजे सामाईक आराखड्यातच एक वाट रुंद झाली.

या तुलनेला व्यावहारिक महत्त्वही आहे. मेंदूच्या विकारांवरील बरेचसे प्राथमिक संशोधन उंदरांवर होते. जोडणीचा मूळ नियम सामाईक असल्याने त्या संशोधनाला आधार मिळतो. परंतु जी वाट माणसातच रुंदावली, तिच्या बिघाडाचे संपूर्ण चित्र उंदराच्या मेंदूत सापडेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. कोणता प्रश्न कोणत्या प्राण्याला विचारावा, हे ठरवण्यासाठी असे तौलनिक नकाशे हवेत.