'कम्फर्टेबल नाही' म्हणजे नेमकं काय?



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलू. शब्द आहे 'कम्फर्टेबल'. तो आता आपल्या घरातलाच झाला आहे. दुकानदार म्हणतो, "ताई, ही चप्पल घालून पाहा, एकदम कम्फर्टेबल." कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "आई, मला तिथं कम्फर्टेबल वाटत नाही." चपलेलाही तोच शब्द आणि मुलीच्या मनालाही तोच. घोटाळा होतो तो इथंच.

दर्यापूरकडच्या एका ताईंनी गटाच्या बैठकीत घरची गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी अमरावतीला भाड्याच्या खोलीत राहून शिकत होती. फोनवर म्हणाली, "आई, इथं मले कम्फर्टेबल वाटत नाही." आईला वाटलं, फरशीवर झोपून पाठ दुखत असेल. त्यांनी घरच्या कापसाची रुई पिंजून गादी भरली आणि एसटीनं पाठवली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग पंख्यासाठी पैसे पाठवले. दिवाळीला मुलगी घरी आली, तेव्हा आईनं जवळ बसवून विचारलं, "काय व माय, आता गादीबी हाये, पंखाबी हाये. मंग काय खुपते तुले?" तेव्हा मुलगी बोलली, "घरमालक दार न वाजवता खोलीत येते."

खोली लगेच बदलली. पण मधले दोन महिने त्या पोरीनं कसे काढले असतील? आईची माया कमी नव्हती. मुलगीही सांगतच होती. फक्त त्या एका शब्दाच्या गाठोड्यात काय बांधलं आहे, हे कोणी सोडून पाहिलं नाही. आज आपण ते गाठोडं सोडू.

पहिला अर्थ शरीराचा. त्याला आपला शब्द 'आराम'. चप्पल पायाला बोचत नाही, खाट पाठीला रुतत नाही, हा आराम. जागा भरपूर असली की आपण 'ऐसपैस' बसतो. कपडा अंगाला काचत नसला की तो 'सैल' किंवा 'मोकळा'.

दुसरा अर्थ 'सोय'. पाणी जवळ, संडास जवळ, दाराला कडी, रात्री दिवा. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी सोयीचं मोल ओळखलं होतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांनी गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः अंगावर चिंध्या आणि हातात खापर घेऊन फिरले, पण लोकांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे, हे त्यांनी सोडलं नाही. सोय म्हणजे चैन नव्हे. बाईमाणसानं घरात न्हाणीचा आडोसा मागितला, तर ती सोय मागते आहे, चैन नाही.

आता या 'चैन' शब्दाचीही गंमत पाहा. 'चैन करणं' म्हणजे मौजमजा, उधळपट्टी. पण 'चैन पडत नाही' म्हणजे जिवाला स्वस्थता नाही. शब्द एकच, पण जोडीची क्रिया बदलली की अर्थ पालटतो.

तिसरा अर्थ सुटकेचा. पोराचा ताप उतरला, कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला, की 'हायसं वाटतं'. आधी ओझं असेल तरच हायसं वाटतं.

चौथा अर्थ मन रमण्याचा. यासाठी आपल्या वऱ्हाडात नेमका शब्द आहे, 'गमणं'. नवी सून पहिल्या महिन्यात म्हणते, "मले इथं गमत नाही." तिला गादी नको असते, बोलायला माणूस हवं असतं.

पाचवा अर्थ सगळ्यात महत्त्वाचा. मनात भीती नाही, संकोच नाही. याला म्हणायचं 'निर्धास्त'. धास्ती नाही, ती निर्धास्त. अमरावतीच्या त्या खोलीत मुलीला आराम मिळाला होता, पण ती निर्धास्त नव्हती.

आणि सहावा अर्थ, 'धीर'. कोणाचं माणूस गेलं की आपण सांत्वनाला जातो, दिलासा देतो. इंग्रजीत त्यालाही 'कम्फर्ट' म्हणतात. हा शब्द मुळात लॅटिन भाषेतला. त्याच्या पोटात 'फोर्टिस' हा शब्द आहे, म्हणजे बळकट. मूळ अर्थ बळ देणं, धीर देणं. गादी-उशीचा अर्थ त्याला फार नंतर चिकटला.

तुम्ही म्हणाल, पोरींनी इंग्रजी शब्द वापरूच नये का? वापरू द्या. कधी कधी उघड बोलायची लाज वाटते, तेव्हा असा परका शब्द पदरासारखा कामी येतो. पण तो ऐकला की पदराआड काय आहे, हे आपण विचारलं पाहिजे.

आपल्याजवळही असाच एक शब्द आहे, 'बरं आहे'. दवाखान्यात सिस्टर विचारते, "कसं वाटतं?" आपण म्हणतो, "बरं आहे." कंबर दुखते, अंगावरून जास्त जाते, रात्री झोप लागत नाही, तरी बरंच आहे! सिस्टरला कळणार कसं? दुखत असेल तर कुठं दुखतं ते सांगा. थकवा असेल तर थकवा म्हणा. आराम पाहिजे असेल, तर "मले आराम पाहिजे" असं घरात म्हणा. तो मागण्यात कमीपणा नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. हजेरी झाली की प्रत्येकीनं आज कसं वाटतं ते एका वाक्यात सांगायचं, पण 'बरं आहे' म्हणायचं नाही. आणि घरी मुलगी 'कम्फर्टेबल नाही' म्हणाली, तर लगेच गादी भरायला घेऊ नका. आधी जवळ बसून विचारा, "काही दुखते का? काही गैरसोय हाये का? गमत नाही का? का कोनाचं भेव वाटते?" शेवटचा प्रश्न गाळू नका, आणि ती उत्तर देईपर्यंत उठू नका.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.